कोलॅजेनच्या तंतूंवरचे आडवे पट्टे स्लाइडवर का दिसत नाहीत?

तुमचा प्रश्न असा की, पुस्तकात कोलॅजेनवर, म्हणजे कातडी-हाडांना मजबुती देणाऱ्या प्रथिनाच्या तंतूंवर, दर ६७ नॅनोमीटरला आडवा पट्टा असतो म्हटलंय, पण कॉलेजच्या स्लाइडवर नुसत्या गुलाबी लाटा दिसतात. मग स्लाइड खराब आहे का? स्लाइड ठणठणीत आहे. मी हिस्टॉलॉजीची (ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या अभ्यासाची) प्रॅक्टिकल्स घेतो, आणि प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी ऑइल इमर्शन (तेलाचा थेंब टाकून वापरायचं सगळ्यात मोठं भिंग) लावून हे पट्टे शोधत बसलेलं असतंच.

अडचण मापाची आहे. दोन बिंदू साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ आले की साध्या मायक्रोस्कोपला ते वेगळे दाखवता येत नाहीत, भिंग कितीही मोठं लावा. हे पट्टे त्याच्या एक तृतीयांश. तुम्हाला गुलाबी दिसतोय तो अख्खा तंतू, १ ते २० मायक्रोमीटर जाडीचा. त्याच्या आत बारीक तंतुकांचा जुडगा असतो आणि पट्टे त्या तंतुकांवर असतात. सांगाड्याच्या स्नायूचे पट्टे सहज दिसतात, कारण तिथे दोन पट्ट्यांत दोन-अडीच मायक्रोमीटरचं अंतर असतं.

आता पट्टे येतात कुठून? माझ्या मते या विषयातली सगळ्यात मजेची गोष्ट हीच, आणि ती घाईघाईत उरकली जाते. कोलॅजेनचा एक रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड. तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून तो बनतो. ही तिहेरी रचना १९५४ मध्ये मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली होती. साखळीत दर तिसरी जागा ग्लायसीनची, कारण पिळाच्या मधोमध एवढंसंच अमिनो आम्ल मावतं.

हे रेणू तंतुकात एकमेकांशेजारी बसतात ते विटांच्या भिंतीसारखे, प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा ६७ नॅनोमीटर पुढे सरकलेला. आता ३०० ला ६७ ने भागून बघा. साडेचारच्या आसपास येतं, पूर्ण आकडा येत नाही. एका ओळीतला पुढचा रेणू पाच टप्प्यांनी, म्हणजे ३३५ नॅनोमीटरवर सुरू होतो. रेणू संपतो ३००ला. मध्ये उरते सुमारे ३५ नॅनोमीटरची फट. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी जड धातूंचे क्षार वापरून निगेटिव्ह स्टेनिंग (तंतुकाऐवजी त्याच्या भोवतीची रिकामी जागा गडद करणं) केलं की ते क्षार या फटींत जास्त साठतात आणि तो भाग काळा दिसतो. फट, भरीव भाग, पुन्हा फट, झाले पट्टे. हाडात खनिज साठायला सुरुवात होते तीही बरीचशी याच फटींत.

एक सावधगिरी. टेंडनची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची) स्लाइड ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात पाहिलीत तर आडवे काळे-उजळ पट्टे खरोखरच दिसतील. ते हे नव्हेत! टेंडनमधले तंतू नागमोडी असतात, त्या वळणांमुळे प्रकाश आलटूनपालटून अडतो. टेंडन जरासं ताणलं की वळणं सरळ होतात आणि ते पट्टे नाहीसे होतात. ६७ नॅनोमीटरवाले असे पुसले जात नाहीत.

गुलाबी लाटा म्हणजे गुळगुळीत स्नायू तर नाहीत ना, हा गोंधळ मात्र तुमच्या स्लाइडवर होऊ शकतो. केंद्रकं बघा. स्नायूत ती पेशीच्या आत, मधोमध असतात. कोलॅजेनमध्ये तंतूंच्या मधल्या जागेत, चपटी, फायब्रोब्लास्टची, म्हणजे कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींची. तरी शंका राहिली तर मॅसन ट्रायक्रोम नावाच्या रंगपद्धतीने रंगवलेली स्लाइड मागा: स्नायू लाल, कोलॅजेन निळं किंवा हिरवं.

जर्नलमध्ये गुलाबी पेन्सिलीने लाटांचे जुडगे आणि मध्ये जांभळी चपटी केंद्रकं काढा. पट्टे काढू नका. एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, म्हणजे नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगाच्या) स्लाइडच्या चित्रात ते दिसले की तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.