गो भाषेत लिहिलेला छोटा वेब सर्व्हर युनिकर्नल म्हणून कसा चालवायचा?

युनिकर्नल म्हणजे एकच प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं छोटं कर्नल एकत्र बांधून व्हर्च्युअल मशीनवर थेट बूट होणारी इमेज. सगळ्यात सोपा रस्ता नॅनोस हे युनिकर्नल आणि त्याचं ऑप्स हे टूल. कोडला हात लावावा लागत नाही. लिनक्ससाठी बायनरी बिल्ड करा (मॅकवर असाल तर कोणत्या सिस्टिमसाठी बिल्ड करायचं ते सांगणारं गूस=लिनक्स, म्हणजे GOOS=linux, विसरू नका) आणि 'ऑप्स रन -पी ८०८० सर्व्हर' (ops run -p 8080 server) ही कमांड द्या. ऑप्स बायनरी आणि कर्नलची डिस्क इमेज बनवून क्यूएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बूट करतं.

पेज उघडत नसेल तर आधी बघा, सर्व्हर १२७.०.०.१ वर, म्हणजे फक्त मशीनच्या आतूनच, तर ऐकत नाही ना? ०.०.०.० हवं. स्टॅटिक फाइल्सचं फोल्डर ऑप्सच्या कॉन्फिग फाइलमधल्या 'डर्स'मध्ये (Dirs) टाका, नाहीतर ४०४.

युनिकर्नलच्या आत एकच प्रोसेस असते. थ्रेड चालतात, पण कोडमधून दुसरा प्रोग्रॅम सुरू करत असाल तर हा नाद सोडा. शेल, एसएसएच काहीच नाही, त्यामुळे लॉगिंग आधीच नीट करून ठेवा.