वाईट चित्रपटांची चांगली परीक्षणे

प्रश्न : एखादा चित्रपट फार वाईट आहे असे कानावर आले, की तो पाहण्याऐवजी त्याची खरपूस परीक्षणे शोधून वाचायची सवय मला लागली आहे. ती वाचताना मी मनसोक्त हसतो. चांगल्या चित्रपटांची स्तुती मात्र चार ओळींपुढे वाचवत नाही. यावरून घरात वाद होतो. पत्नीचे म्हणणे असे, की शेकडो माणसांनी राबून केलेल्या कामाची टवाळी वाचून आनंद मिळवणे हे काही चांगल्या मनाचे लक्षण नव्हे. आपल्याला काय वाटते?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्नीच्या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याकडे मी येणारच आहे, पण तुम्हाला मिळणारा आनंद नेमका कशाचा आहे, ते आधी पाहू. वाईट चित्रपट पाहताना आपल्याला सतत काहीतरी खटकत असते, पण काय खटकते आहे ते सांगता येत नाही. बाहेर पडताना आपण ‘डोके उठले’ एवढेच म्हणतो आणि रिक्षा शोधू लागतो. चांगला समीक्षक त्या अस्वस्थतेचे कारण हुडकून काढतो आणि एका वाक्यात आपल्यापुढे ठेवतो. ते वाचून जे हसू फुटते, त्यात कुणाची फजिती झाल्याचा आनंद थोडा असेलही. पण ‘अगदी हेच मला म्हणायचे होते’ हा आनंद त्याहून पुष्कळ मोठा असतो.

उदाहरण घेऊनच बोलू. अमेरिकेतील रॉजर ईबर्ट (१९४२–२०१३) यांनी ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकात १९६७पासून अखेरपर्यंत चित्रपट-परीक्षणे लिहिली. समीक्षेसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळालेले ते पहिले चित्रपट-समीक्षक. ते त्यांना १९७५ साली मिळाले. २००० साली ‘बॅटलफील्ड अर्थ’ नावाचा एक विज्ञानपट आला. त्यात कॅमेरा जवळजवळ सारा वेळ तिरका धरलेला आहे. ईबर्ट यांनी लिहिले त्याचा आशय असा : दिग्दर्शक कधीकधी कॅमेरा तिरका धरतात हे या दिग्दर्शकाने चांगले चित्रपट पाहून शिकून घेतले आहे, पण ते तो तसा का धरतात हे शिकलेले नाही. या वाक्यावर जरा थांबण्यासारखे आहे. तिरकी चौकट एरवी पात्राचा तोल गेल्याची, भीतीची किंवा संशयाची जाणीव करून देते, आणि ती तशी जाणीव देऊ शकते याचे कारण तिच्या मागची-पुढची दृश्ये सरळ असतात. सगळेच तिरके झाले, की तिरकेपणाला काही अर्थच उरत नाही. एवढा धडा त्या एका वाक्यात सामावलेला आहे. ज्याने हा चित्रपट पाहिलेला नाही आणि कधी पाहणारही नाही, तोदेखील पुढचा कोणताही चित्रपट थोड्या अधिक सजग नजरेने पाहू लागतो.

‘पर्ल हार्बर’वरचे (२००१) त्यांचे परीक्षण तर पहिल्या वाक्यापासूनच मला पूर्णतः पटते. हा तीन तासांत कोंबलेला दोन तासांचा चित्रपट आहे, असे ते म्हणतात. आणि पुढे लिहितात, की ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने एका अमेरिकी प्रेमत्रिकोणावर अचानक हल्ला कसा केला, याची ही कथा आहे. वाचताक्षणी हसू येते. पण पर्ल हार्बर या अमेरिकी नौदलतळावर झालेल्या खऱ्या हल्ल्यात त्या दिवशी २,४००हून अधिक अमेरिकी माणसे मेली होती हे आठवले, की या वाक्यातला राग जाणवतो. दोन वैमानिक आणि एक परिचारिका यांच्या गुळगुळीत प्रेमकथेला पार्श्वभूमी म्हणून ते मरण वापरले गेले, ही समीक्षकाची तक्रार आहे. म्हणजे इथे इतिहासाचे गांभीर्य विनोद करणाऱ्याने राखले आहे, चित्रपटाने नव्हे. अशा वाक्यावर हसणारा माणूस दुष्ट आहे, असे मला मुळीच वाटत नाही.

आता राबणाऱ्या माणसांविषयी. कष्ट झाले म्हणून काम चांगले ठरत नाही, आणि वाईट कामाला चांगले म्हटल्याने त्या कष्टांचा सन्मानही होत नाही. तिकिटाला पैसे मोजणाऱ्या आणि संध्याकाळ घालवणाऱ्या प्रेक्षकाचेही चित्रपट काही देणे लागतोच. मात्र टीका चित्रपटावर आहे की माणसावर, हा प्रश्न खरा आहे, आणि थोर समीक्षकांना त्याची जाणीव असते. ईबर्ट यांचे बहुधा सर्वांत प्रसिद्ध झोडपणारे परीक्षण ‘नॉर्थ’ या १९९४च्या चित्रपटाचे आहे. एक मुलगा अधिक चांगल्या आईवडिलांच्या शोधात जगभर हिंडतो, अशी ती गोष्ट. या चित्रपटाचा आपल्याला तिटकारा आला, हे त्यांनी एकाच शब्दाची लागोपाठ आवर्तने करून इतक्या तळमळीने सांगितले, की पुढे त्यांच्या वाईट परीक्षणांच्या संग्रहाला त्यावरूनच नाव दिले गेले. पण त्याच परीक्षणात ते असेही लिहितात, की दिग्दर्शक रॉब रायनर वाईट चित्रकर्ते नाहीत, ही त्यांची एक चूक आहे आणि तिच्यातून ते सावरतील, कदाचित माझ्याआधीच सावरतील. हे शेवटचे तीन शब्द विनोदासाठी आहेत, त्याआधीचे सगळे न्यायबुद्धीने लिहिलेले आहे, आणि दोन्ही एकाच वाक्यात नांदतात. हे वाक्य तुमच्या पत्नीला जरूर वाचून दाखवा.

तुम्हाला स्तुती वाचवत नाही याचा दोष मी तुम्हाला देणार नाही. ‘अप्रतिम छायाचित्रण’, ‘कसदार अभिनय’, ‘चुकवू नये असा अनुभव’ हे शब्द कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येतात, म्हणून ते कोणत्याच चित्रपटाविषयी काही सांगत नाहीत. पण ज्याची टीका तुम्हाला आवडते, त्याच समीक्षकाने आपल्या आवडत्या चित्रपटांवर लिहिलेले वाचून पाहा. ईबर्ट यांनी थोर चित्रपटांवर लिहिलेल्या निबंधांत तीच नेमकी नजर आहे आणि तिथे ती आनंदाने भरलेली आहे.

प्रश्न : आपल्याकडे अशा लेखनाची परंपरा आहे का, की हे सारे परदेशी कौतुक?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : परंपरा आहे आणि ती चांगली जुनी आहे. आचार्य अत्रे यांचा ‘झेंडूची फुले’ हा विडंबनकाव्यांचा संग्रह १९२५चा. त्या काळच्या कवितेतील कृत्रिम हळवेपणा, फारसी शब्दांचा सोस आणि कवीचा आविर्भाव यांची त्यात यथेच्छ थट्टा आहे. मूळ कविता बारकाईने वाचल्याशिवाय, तिचा छंद आणि चाल अंगवळणी पडल्याशिवाय असे विडंबन जमत नाही. म्हणून मी त्याला समीक्षाच मानतो.

चित्रपटांपुरते बोलायचे तर बाबूराव पटेल यांचे नाव घ्यावेच लागेल. १९३५ साली मुंबईत सुरू झालेले त्यांचे ‘फिल्मइंडिया’ हे मासिक इंग्रजी होते, पण संपादक आपला मराठी माणूस. त्यातील वाचकांच्या प्रश्नांना ते देत असलेली तिखट उत्तरे वाचण्यासाठी लोक मासिकाची वाट पाहत, आणि त्यांच्या परीक्षणांचा धाक भल्याभल्या निर्मात्यांना होता. त्यांची हजरजबाबी शैली आणि निर्भयपणा यांविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु ते नटनट्यांच्या रूपावर घसरत, खासगी आयुष्यात शिरत, आणि तिथे त्यांचे लेखन आज वाचवत नाही. चित्रपटावरचा वार ऐंशी वर्षांनीही ताजा वाटतो आणि चेहऱ्यावरचा वार शिळा होतो, याचा पडताळा त्यांच्याच पानांवर मिळतो.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या अंकासाठी चित्रपट-परीक्षणे लिहिते. मला विनोदी, झणझणीत लिहायला आवडते, पण कुणाला दुखावण्याची भीती वाटते. मर्यादा कुठे मानावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एक घडलेली गोष्ट सांगतो. कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन १९३७ साली लंडनच्या ‘नाइट अँड डे’ या साप्ताहिकात चित्रपट-परीक्षणे लिहीत असत. नऊ वर्षांच्या शर्ली टेंपल हिच्या ‘वी विली विंकी’ या चित्रपटावर लिहिताना त्यांनी त्या मुलीचे आकर्षण प्रौढ पुरुषांना कसे वाटते, यावर शेरेबाजी केली. बदनामीचा खटला झाला, १९३८ साली ३,५०० पौंडांची भरपाई द्यावी लागली आणि साप्ताहिक तोवर बंदही पडले होते. लहान मुलांना बाजारात कसे उभे केले जाते, हा त्यांचा मुद्दा असेल तर तो मोलाचा होता. पण तो स्टुडिओ चालवणाऱ्यांवर रोखायला हवा होता. त्या परीक्षणात मात्र सारा प्रकाश मुलीच्या देहावर पडला.

तेव्हा ज्याच्या हाती निर्णय होता, त्याला जाब विचारा. पटकथा कुणी मंजूर केली, चार गाणी मध्येच का घुसली, मध्यंतरानंतर नायकाची आई गायब कशी झाली, हे खुशाल विचारा आणि त्यावर हवे तितके झणझणीत लिहा. पदार्पण करणाऱ्या मुलीचा रंग, नटाचे पोट, कुणाची बोली यांना हात लावू नका. कमी पैशांत केलेल्या चित्रपटातील गरिबीवर हसू नका. आळसावर अवश्य हसा, कारण आळसाला पैसे लागत नाहीत आणि तो बड्या चित्रपटांतही भरपूर असतो.

आणि एकदा झोडपलेल्या चित्रपटाकडे पुन्हा पाहायची तयारी ठेवा. फ्रान्समधील कान शहरी भरणाऱ्या चित्रपट महोत्सवात २००३ साली ‘द ब्राउन बनी’ पाहून ईबर्ट यांनी तो महोत्सवाच्या इतिहासातील सर्वांत वाईट चित्रपट ठरवला. दिग्दर्शक व्हिन्सेंट गॅलो यांनी उलट त्यांच्या लठ्ठपणावरून शिव्या दिल्या. पुढे गॅलो यांनी चित्रपटातील सुमारे पंचवीस मिनिटे कापली, नवी आवृत्ती ईबर्ट यांनी पाहिली आणि २००४ साली तिला चारपैकी तीन तारे दिले; शिवाय त्या काटछाटीने चित्रपटाचा अर्थ आणि लय कशी सुधारली, हेही सविस्तर लिहिले.