पुट्टी भरून घासली, आता पावसाळ्यात घरीच रंग मारू का?

तुम्ही लिहिलंय की चंदेरी गाडीच्या डाव्या दाराला पुट्टी भरलीत, ८० नंबरच्या पेपरने घासलीत, बोटाला सपाट लागते आणि चवथीआधी स्प्रे कॅनने रंग उरकायचा आहे. मी गोव्यात पेडण्याला डेंटिंग-पेंटिंग करतो. माझं मत असं: घासायचं काम घरी मनसोक्त करा, स्प्रे-गनने रंग मारायचं काम बूथ (रंगासाठीची बंद खोली) असलेल्या गॅरेजला द्या.

आधी पाण्याचं बोलतो, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळी कामं तिथेच बिघडतात. पुट्टी म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि त्यात शंखजिऱ्याची पूड. घासलेली उघडी पुट्टी पाणी धरते. मी नवीन असताना घरच्या जुन्या व्हॅनच्या चाकाच्या कमानीवर पुट्टी भरली आणि धूळ उडू नये म्हणून पाणी मारून घासली. वरून कोरडी दिसली, लगेच प्रायमर आणि रंग मारला. दीड महिन्यात तिथे मोहरीएवढे फोड आले. एक सुईने फोडला तर आतून तांबूस पाणी आलं. खाली पत्रा गंजायला लागला होता. सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं. त्या दिवसापासून उघड्या पुट्टीला मी पाणी लावत नाही. तुम्हीही कोरडीच घासा, नाकाला मास्क लावून. रात्रभर दार उघड्यावर राहिलं असेल तर दोन दिवस छपराखाली ठेवून, हॅलोजनचा दिवा लांबून दाखवून वाळवा.

आता सपाटीचं. बोटाच्या टोकाला फसायला होतं. सुती फडकं पत्र्यावर ठेवा, त्यावर पूर्ण तळहात टेका आणि डोळे मिटून चांगल्या रंगावरून पुट्टीवर, पुट्टीवरून पलीकडे असा लांब हात फिरवा. कड असेल तर तळहाताला हलकी उडी लागते. मग काळ्या स्प्रेचा दुरून अगदी विरळ शिडकावा करा आणि पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तिरका-तिरका घासा. काळं जिथे राहतं तिथे खळगा. जिथे लगेच जातं तिथे उंचवटा. खळग्यात पुन्हा पातळ पुट्टी भरा, आजूबाजूला घासून खोल जाऊ नका. पुट्टी घट्ट करणारा हार्डनर बेताचाच घाला, वजनाने साधारण २ टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर पुढे रंगातून पिवळट डाग वर येतो, आणि चंदेरी-पांढऱ्यावर तो लपत नाही.

८० च्या ओरखड्यांवर प्रायमर मारू नका. प्रायमर आक्रसला की महिन्याभरात त्या रेघा उन्हात दिसायला लागतात. ८० नंतर १२०, मग १८०, शेवटी कडेला २४० आणि ३२०. कड घासताना कंपनीच्या रंगाचे थर झाडाच्या वलयांसारखे दिसतात: क्लिअर (वरचा पारदर्शक थर), रंग, प्रायमर, पत्रा. ही वलयं बोटभर रुंद झाली की कड उतरली असं समजा. त्यांचे पट्टे अरुंद असतील तर रंगानंतर पुट्टीचा नकाशा उमटणारच.

उघडा पत्रा दिसला की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. समुद्राजवळ राहत असाल तर रात्रभरही थांबू नका, सकाळी पत्र्यावर तांबूस छटा दिसते. पत्र्याला धरणारा आम्लाचा एच प्रायमर पुट्टीवर टाळा. त्यावर गॅरेजमध्येच टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) प्रायमरचे दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर दहा मिनिटं थांबून. तो पक्का वाळला की ६००-८०० ने घासा. आता पाणी चालेल, मात्र प्रायमर कुठे घासून पुट्टी उघडी पडली तर तिथे पुन्हा प्रायमर.

गन गॅरेजला द्या म्हणतो ते दोन कारणांनी. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो आणि साधा कापडी मास्क ते अडवत नाही. घरात लहान मुलं असतील तर हा विचारच सोडा. दुसरं, चंदेरी रंग दाराच्या मध्येच तोडता येत नाही. त्यातले कण कसे बसले त्यावर छटा बदलते, म्हणून रंग कडेला विरळ करत न्यावा लागतो आणि क्लिअर अख्ख्या दाराला मारावं लागतं. कॅनने हे जमणं कठीण. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवरून उतरवून घ्या, तरी आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून उन्हात दाराशी धरून बघा. गाडी जुनी असेल तर मूळ रंग थोडा उतरलेला असतो.

चवथीला जमलं नाही तर प्रायमर मारलेल्या गाडीनेच गावी जा. फक्त ती पावसात फार दिवस ठेवू नका.

आणि दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. ती पुट्टीने बुजली नाहीत ना, तेवढं आजच तार घालून बघा.