मधुमेहाचा वारसा आणि जनुकीय चाचणी

प्रश्न : माझे माहेर ग्वाल्हेरचे, सासर इंदूरचे, वय ३६. माझे वडील आणि आत्या या दोघांनाही पन्नाशीच्या आत मधुमेह झाला आणि थोरला भाऊही गेल्या वर्षापासून गोळ्या घेतो. मी सडपातळ आहे. ‘आपल्या रक्तातच साखर आहे, पथ्य करून काय होणार?’ असे माहेरी सगळे म्हणतात. मी जनुकीय चाचणी करून घ्यावी का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : माहेरची मंडळी म्हणतात त्यात तथ्य आहे, परंतु निम्मेच. आईवडिलांपैकी एकाला टाइप दोनचा मधुमेह असल्यास अपत्याला तो आयुष्यात केव्हातरी होण्याचा धोका सुमारे ४० टक्के, आणि दोघांना असल्यास सुमारे ७० टक्के धरला जातो. हा सगळाच भार जनुकांचा मात्र नसतो, कारण जेवणाच्या वेळा, ताटातले पदार्थ आणि बैठी सवय हीसुद्धा त्याच घरातून आपल्याकडे आलेली असते.

हा वारसा एखाद्या जनुकाने ठरत नाही. पंचवीस लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या आजाराशी निगडित अशा ६११ जागा जनुकसंचात आढळल्या; त्यांतील बहुतेकींचा एकेकटा वाटा अगदी किरकोळ आहे. ठळक म्हणावा असा भेद, म्हणजे जनुकाच्या रचनेतील फरक, टीसीएफ७एल२ या जनुकात २००६ साली आइसलँडमधील संशोधकांना सापडला आणि पुढच्याच वर्षी भारतीय रुग्णांतही दिसून आला. त्याची एक प्रत असल्यास धोका साधारण १.४ पट होतो. हा भेद वजन वाढवत नाही. स्वादुपिंडातील बीटा पेशींकडून जेवणानंतर जितके इन्सुलिन सुटायला हवे तितके त्यामुळे सुटत नाही. म्हणूनच सडपातळ असल्याने आपण निश्चिंत राहू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर दाखवून दिले आहे की, आपल्याकडची बाळे जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने अधिक असते.

पथ्याने काय होणार, याचे उत्तर प्रयोगांनी दिलेले आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत टीसीएफ७एल२च्या धोकादायक भेदाच्या दोन्ही प्रती असणाऱ्यांपैकी ज्यांनी आहार आणि व्यायाम सांभाळला, त्यांच्यात हा जादा धोका जवळजवळ दिसेनासा झाला. आपल्या दृष्टीने अधिक मोलाची चाचणी चेन्नईची आहे: २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत आहार-व्यायामाने धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजन फारसे न उतरता.

जनुकीय चाचणीवर आपण खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वडील, आत्या आणि भाऊ यांच्याविषयी आपण लिहिलेल्या माहितीवरून धोका पुरेसा कळतो. शिवाय अशा चाचण्यांचे गुणांकन बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेले आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या पंचविशीच्या आतच मधुमेह होत असता तर गोष्ट वेगळी होती, कारण एकाच जनुकातील दोषाने होणाऱ्या मधुमेहाच्या त्या वेगळ्या प्रकारात चाचणीने उपचारच बदलू शकतात.

त्याऐवजी वर्षातून एकदा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावे आणि उपाशीपोटीच्या साखरेबरोबर ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनंतरचीही साखर पाहावी. नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीत आरंभीचा दोष निसटू शकतो. गरोदरपणी आपली साखर वाढली होती का, हे पत्रात नाही. वाढली असल्यास ते डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे.