पाचवा सोमवार

आदरणीय ताई,

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. मी, पत्नी, माझी आई आणि शाळेत जाणारी दोन मुले अशी घरात पाच माणसे आहोत. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला असून माझा पगार एक तारखेला जमा होतो. किराणा, भाजी आणि दूध यांचा खर्च हाताबाहेर चालला असल्यामुळे गेल्या जूनपासून मी त्याचा तक्ता ठेवला आहे. एरवी महिन्याला २०,००० रुपये लागतात, परंतु जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या तीन महिन्यांत हाच आकडा २५,००० झाला. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, सप्टेंबरमध्ये पितृपक्ष आणि नवरात्र आले, डिसेंबरमध्ये पाहुणे होते, अशी त्याची कारणे असावीत. (पैसे मी पत्नीला दर सोमवारी पाच हजार याप्रमाणे देतो, एकदम दिले की उडून जातात.) काजू आणि चीज बंद केले, चहा बदलला, शेव कमी केली, फोनवरच्या सवलतीही वापरून पाहिल्या, पण फरक पडला नाही. एकट्या दुधालाच दोन लिटर रोज, ६५ रुपये भावाने, महिन्याला ३,९०० रुपये जातात. पत्नी बी.कॉम. झालेली आहे, तरीही ती वर्षाचा गहू न भरता पिठाच्या पाच-पाच किलोंच्या पिशव्या आणते, तेल एकेक लिटर आणते आणि रविवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून उधारीवर सामान घेते, याची मला लाज वाटते. माझी आई याच घरात वर्षाचा गहू भरत असे. मला हा खर्च १५,००० वर आणायचा आहे. पत्नीला काटकसर कशी शिकवावी?

— एक त्रस्त गृहस्थ

त्रस्त गृहस्थ,

तुमच्या पत्रात काजू, चीज आणि शेव यांना भरपूर जागा मिळाली आहे आणि खर्चाचे खरे कारण तुम्ही कंसात घातले आहे. तो कंस मी काढून टाकते, कारण मला त्याच एका वाक्याबद्दल बोलायचे आहे.

आधी तक्ता पाहू. २०२५ चे कॅलेंडर काढा आणि जून महिन्यातले सोमवार मोजा: २, ९, १६, २३ आणि ३०. सप्टेंबरचे मोजा: १, ८, १५, २२, २९. डिसेंबरच्याही याच तारखा आहेत. तुमच्या तक्त्यात ज्या तीन महिन्यांना २५,००० लागले, त्या तिन्ही महिन्यांत पाच सोमवार होते. फेब्रुवारीपर्यंतच्या बाकीच्या सहा महिन्यांत चारच होते. शाळा, पितृपक्ष आणि पाहुणे यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. दिवाळी ऑक्टोबरमध्ये झाली, घरात चकल्या-लाडू झाले असतील, आल्यागेल्याला फराळ दिला असेल, आणि तुमच्या तक्त्यात ऑक्टोबरसमोर लिहिले आहे २०,०००. दिवाळीचा महिना स्वस्त आणि डिसेंबर महाग, हे वाचून तुम्हाला स्वतःलाच शंका यायला हवी होती. तुमच्या घरात खर्च किती होतो हे या तक्त्यातून कळतच नाही; तुम्ही किती वेळा पैसे दिले एवढेच कळते. मार्च २०२६ मध्येही ३० तारखेला पाचवा सोमवार आहे, तेव्हा २५,००० चा आकडा आजच भरून टाकला तरी चालेल.

आता पत्नीच्या बाजूने तोच महिना पाहा. पहिल्या सोमवारी तिच्या हातात पाच हजार येतात आणि त्याच आठवड्यात दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब द्यायचा असतो. ३,९०० गेल्यावर तिच्याजवळ उरतात १,१००. त्यात पाच माणसांची आठवड्याची भाजी, चहा-साखर, मुलांचे डबे आणि संपलेले वाणसामान बसवायचे असेल, तर ती तेलाची एकच पिशवी, अर्धा किलो तूरडाळ आणि शंभर ग्रॅम तिखटाचे पाकीट आणणार, दुसरे काय करणार? शंभर ग्रॅमच्या पाकिटाचा किलोमागे पडणारा भाव जवळजवळ नेहमीच जास्त असतो, हे तिला माहीत नसेल असे तुम्ही गृहीत धरले आहे. बी.कॉम. झालेल्या बाईला ते माहीत असते. एकरकमी माल घेण्याइतके पैसे तिच्याजवळ कुठल्याही सोमवारी नसतात, आणि रविवारी तर अजिबातच नसतात. म्हणून रविवारी उधारी होते. ज्या उधारीची तुम्हाला लाज वाटते तिची तारीख तुम्हीच ठरवून दिलेली आहे, आणि उधारीवर घेणाऱ्या गिऱ्हाइकाला भावाची घासाघीस करता येत नाही, हा त्यातला आणखी एक तोटा.

गव्हाचे पाहा, कारण तुमचा सर्वांत मोठा आरोप तोच आहे. पाच माणसांना महिन्याला वीस किलो पीठ धरले तर वर्षाला २४० किलो गहू लागतो. सरकारने २०२६-२७ च्या हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,५८५ रुपये ठरवला आहे. घरी खायचा, निवडलेला लोकवन त्याहून महाग पडतो आणि शरबती आणखी महाग. समजा, तुम्ही ३२ रुपये किलोने घेतला, तर ७,६८० रुपये झाले. हमाली धरून आठ हजार म्हणा. माळव्यात नवा गहू मार्चमध्ये बाजारात येऊ लागतो आणि एप्रिल-मेमध्ये घरोघरी कोठ्या भरल्या जातात, हे इंदूरच्या माणसाला मी सांगायला नको. आता मला सांगा, पाच हजारांच्या कोणत्या सोमवारी तिने आठ हजारांचा गहू भरावा? दोन सोमवारांचे पैसे तिने साठवले तर चौदा दिवस घराने खावे काय?

तुमच्या आई गहू भरत असत, कारण गहू भरण्याइतके पैसे त्यांच्या हातात एका वेळी येत असत. दुसरे काही कारण असूच शकत नाही. त्या घरातच आहेत; वडील त्यांना पैसे कसे देत, हे आज संध्याकाळी त्यांना विचारा.

तुमचे म्हणणे असे की एकदम दिले की पैसे उडून जातात. हे कधी घडले, किती पैसे उडाले, कशावर उडाले, यातले काहीच तुम्ही लिहिलेले नाही, आणि तक्ते ठेवणारा माणूस असा प्रसंग लिहायचा विसरेल असे मला वाटत नाही. उलट, आठवड्याच्या हप्त्यानेच पैसे पूर्ण संपतात. पाच हजारांतले चारशे उरले असे तिने सांगितले, तर पुढच्या सोमवारी तुम्ही ४,६०० द्याल, ही भीती तिला असणारच. मार्चअखेरीला सरकारी कचेऱ्या उरलेला निधी घाईघाईने खर्च करून टाकतात, त्यातलाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की तुमच्या घरी मार्चअखेर दर रविवारी येते.

तुम्हाला करायचे आहे ते एवढेच. सोमवारचे हप्ते बंद करा आणि येत्या १ एप्रिलपासून संपूर्ण महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशीच पत्नीच्या स्वतःच्या खात्यावर जमा करा. आकडाही मी काढून देते. वर्षाला ५२ सोमवार धरले तर तुम्ही आजही २,६०,००० रुपये देताच. त्यातले आठ हजार एप्रिलमध्ये गव्हासाठी वेगळे द्या आणि महिन्याला २१,००० द्या; बेरीज तितकीच होते. तुमच्या खिशातून एक रुपयाही जास्त जात नाही. ३० मार्चचा सोमवार मात्र चुकवू नका. त्या पैशांतून कोपऱ्यावरच्या दुकानदाराची जुनी बाकी आधी फिटू द्या. त्यानंतर जे उरेल ते तिच्याच खात्यात राहील, ते पुढच्या महिन्याच्या रकमेतून वजा होणार नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. एवढे एक वाक्य तुम्ही बोलला नाहीत, तर बाकी सगळे व्यर्थ आहे.

एकरकमी पैसे हाती आल्यावर ती काय करील, हे मी तिच्या वतीने ठरवणार नाही, पण तिला काय काय करता येईल ते तुम्हाला कळावे म्हणून थोडे सांगते. सियागंजाच्या ठोक बाजारात पाच किलो तूरडाळ एकदम घेतली तर भाव वेगळा लागतो. निमाडची नवी तूर याच दिवसांत आलेली असते, आणि डाळीला एरंडेल चोळून डबा घट्ट लावला तर ती पावसाळ्यातही टिकते. मिरची आताच घ्यायची असते, खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाच्या बाजारातली लाल मिरची इंदूरला सहज मिळते, आणि दोन किलो मिरची घरी देठ काढून दळून आणली की शंभर ग्रॅमची पाकिटे वर्षभर बंद होतात. सुट्या डाळीवर आणि पिठावर जीएसटी नाही. २५ किलोंपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशवीवर मात्र जुलै २०२२ पासून पाच टक्के आहे, तेव्हा पाच किलोंची पिठाची पिशवी घेताना गिरणीवाल्याच्या पैशांखेरीज तोही कर तुम्ही भरत असता. तेलाची पिशवी घेताना तिच्यावरचे ग्रॅम वाचावे लागतात, कारण एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते आणि तेवढ्याच दिसणाऱ्या पिशवीत पुष्कळदा कमी तेल असते. पंधरा किलोंचा डबा घ्या असे मात्र मी सांगणार नाही. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरेसे मानले जाते. त्या हिशेबाने तो डबा तुमच्या घरात सहा महिने चालेल आणि उघडलेले तेल तितके दिवस ठेवू नये. पाच लिटरचा कॅन बरा.

या सगळ्यात एकेका वस्तूतली बचत डोळ्यांत भरण्यासारखी नसते. गव्हात किलोमागे दहा रुपये वाचले तरी महिन्याचे दोनशेच होतात. डाळ, तेल, मिरची, साबण असे करत ते हजार-दीड हजारांपर्यंत जाऊ शकतात, आणि ते जाण्यासाठीही दोन-तीन महिने लागतील, कारण पहिल्या महिन्यात साठा करण्यातच जास्त पैसे जातील. एप्रिलचा आकडा पाहून तुम्ही परत सोमवारवर येऊ नका. भाव वाढण्याच्या काही गोष्टी तर तिच्या हातात मुळीच नाहीत: सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के आयात शुल्क लावले, तेव्हा तेल महागले, आणि मे २०२५ मध्ये ते १० टक्क्यांवर आणले गेले. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कोणाला यात काही विचारले गेले नव्हते.

१५,००० चा नाद सोडा. ३,९०० चे दूध बाजूला काढले तर ११,१०० उरतात. पाच माणसे आणि तीस दिवस यांना भागले तर माणशी दिवसाला ७४ रुपये झाले. त्यात सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळे, शिवाय मुलांचे डबे. छप्पन दुकानांच्या खाऊगल्लीत एका संध्याकाळी तुमचे एकट्याचे किती होतात, हे तुम्हीच आठवून पाहा. मुले वाढीच्या वयाची आहेत आणि चीज बंद झालेच आहे. आता दुधाकडे किंवा डाळीकडे वळू नका. शेवेबद्दल मी काही बोलणार नाही. इंदूरच्या घरात शेव कमी करण्याचा प्रयोग आजवर कोणाला साधल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

काटकसर कशी शिकवावी, असा तुमचा प्रश्न होता. तुमच्या पत्नीला ती शिकवण्याची गरज नाही. तीन हजार नऊशे रुपयांचे दूध पाच हजारांतून देऊन उरलेल्या अकराशेत आठवडा काढणारी बाई काटकसरीतच जगत आहे, आणि ती जे महाग सामान आणते ते तुम्ही तिला घ्यायला लावलेले आहे. तुम्ही प्रामाणिकपणे काळजीत आहात, हे पत्रावरून दिसते; त्याबद्दल तुमचे कौतुक करून मी वेळ घालवणार नाही, कारण काळजी तुम्ही करता आणि तिची किंमत ती मोजते.

तक्ता तिच्याकडे सोपवा. त्यात तिने काय लिहावे आणि कोणत्या रकान्यात लिहावे, हे सांगू नका, आणि जूनअखेरपर्यंत तो पाहायला मागू नका. गव्हाचे पैसे द्याल तेव्हा सोबत दुकानापर्यंत जा. वाण आणि भाव तिला ठरवू द्या. गहू घरी आला की निवडून, दोन दिवस कडक ऊन दाखवून कोठीत भरावा लागतो. अडीच क्विंटलच्या आसपास माल गच्चीवर चढवणे आणि उतरवणे एकट्या बाईचे काम नव्हे, तेव्हा एप्रिलमधल्या एखाद्या सुट्टीला जोडून एक रजा आत्ताच टाकून ठेवा.