हातगाडीवरची सोलर वीज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऐरोलीत संध्याकाळी 5 ते 11 वडापावची गाडी लागते. 9 वॅटचे चार एलईडी बल्ब, टेबल फॅन, चटणीचा मिक्सर, मोबाइल आणि पेमेंटचा साउंडबॉक्स सोलरवर चालवायचा आहे. बॅटरी आणि पॅनेल केवढं घ्यावं? तळायला इंडक्शन चालेल का?

उत्तर : इंडक्शन डोक्यातून काढून टाका. 2000 वॅटची शेगडी पूर्ण जोरात तासभर चालली की 2 युनिट संपतात; एवढी वीज साठवणारी बॅटरी गाडीवर परवडत नाही. तळण गॅसवरच ठेवा. चटणीही घरून वाटून आणा, म्हणजे इन्व्हर्टरच लागणार नाही.

उरलेला हिशेब सोपा आहे. बल्ब 36 वॅटचे, 6 तास, म्हणजे 216 वॅट-तास. साधा टेबल फॅन 50 वॅटच्या आसपास घेतो, त्याचे 300 होतात. 12 व्होल्टचा बीएलडीसी फॅन (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) 20 वॅटमध्ये भागवतो, म्हणजे फक्त 120. बल्बही 12 व्होल्टचेच घ्या. मोबाइल आणि साउंडबॉक्सचे 20 धरून एकूण 356 वॅट-तास. 12.8 व्होल्ट, 50 अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत 640 वॅट-तास असतात. त्यातले 80 टक्के, म्हणजे 512 वापरले तरी रात्र आरामात निघते. बॅटरीचं वजन सहा-सात किलो. लेड-अ‍ॅसिड निम्म्याहून जास्त रिकामी केली की लवकर बाद होते, म्हणून तेवढ्याच कामाला तिप्पट-चौपट वजन ओढावं लागतं. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. पेटत्या शेगडीजवळ ती नकोच.

तुमचा धंदा अंधारातला, मग पॅनेल गाडीवर कशाला? तेलाची वाफ बसून त्यावर धूळ चिकटते. पॅनेल घराच्या पत्र्यावर किंवा गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून, साधारण 20 अंश कलवून, चारही कोपऱ्यांना बोल्टने घट्ट बसवा. नुसत्या दोरीवर ते वळवाच्या वाऱ्यात टिकत नाही. 200 वॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला 550 ते 650 वॅट-तास देतं. पॅनेलमधून बॅटरी चार्ज करायला मध्ये 20 अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर लावा; तो पॅनेलचं जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता बॅटरीजोगं करतो. 35-40 व्होल्टच्या पॅनेलला स्वस्तातला, हे न करणारा पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावला, तर निम्म्याहून जास्त वीज वाया जाते.

घरी चार्ज केलेली बॅटरी रोज काढून गाडीवर न्यायची असल्याने कंट्रोलरला जोडण्याचा क्रम पाळाच: लावताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. पॅनेल आणि कंट्रोलरच्या मध्ये डीसी एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच) टाका. घरातला एसी एमसीबी इथे चालत नाही, डीसीची ठिणगी त्याने तुटेलच असं नाही. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात 20 अँपिअरचा फ्यूज आणि 4 चौरस मिलिमीटरची वायर पुरते. गाडीवर बॅटरी सिलिंडरच्या विरुद्ध बाजूला आणि उंचावर ठेवा, बटणंही तिकडेच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो.

प्रश्न : खारघरला ज्यूसचा स्टॉल आहे. 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, 1000 वॅटचा इन्व्हर्टर. बॅटरी पूर्ण भरलेली असूनही 750 वॅटचा मिक्सर सुरू करताच सगळं बंद पडतं. बॅटरी खराब आहे का?

उत्तर : बहुतेक नाही. चालता मिक्सर 70 अँपिअर ओढतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट किंवा जास्त. किमान व्होल्टेज धरून ठेवणारा मीटर आधी बॅटरीच्या टोकांना, मग इन्व्हर्टरच्या टोकांना लावून दोनदा मिक्सर सुरू करा. बॅटरीच्याच टोकाला व्होल्टेज एकदम शून्याकडे गेलं, तर आतल्या बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटने) पुरवठा तोडला; 100 अँपिअरऐवजी 50चा बीएमएस असलेल्या बॅटऱ्याही बाजारात विकल्या जातात, लेबल नीट वाचा. बॅटरीला 12.5 आणि इन्व्हर्टरला 10.5 दिसले, तर दोष वायरचा किंवा तिच्या टोकाच्या सैल लगचा (बोल्टने कसायच्या धातूच्या कडीचा). 2 मीटर लांबीच्या 6 चौरस मिलिमीटरच्या जोडीत 150 अँपिअरला पावणेदोन व्होल्ट जातात. 25 चौरस मिलिमीटरच्या जोडीत अर्धाही जात नाही. तीच बसवा, लांबी मीटरभरच ठेवा. दोन्ही ठिकाणी व्होल्टेज टिकूनही बंद पडत असेल, तर इन्व्हर्टरच अपुरा आहे: 1500 वॅटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी वीज देणारा) घ्या. मॉडिफाइड साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर मोटर घूं-घूं आवाज करते आणि तापते. तोवर कमी स्पीडवर सुरू करा, बर्फ मागाहून टाका.

प्रश्न : नौपाड्यातला स्टॉल. पावसाळ्यात काय करायचं?

उत्तर : जून ते सप्टेंबर सोलरच्या भरवशावर धंदा लावू नका. घरच्या विजेवर चार्ज करा, 14.6 व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेटसाठीचाच चार्जर घ्या. 10 अँपिअरच्या चार्जरने 50 अँपिअर-तासांची रिकामी बॅटरी सुमारे 5 तासांत भरते. घरच्या जुन्या इन्व्हर्टरला ही बॅटरी जोडू नका. लेड-अ‍ॅसिडसाठी तो व्होल्टेज 15च्या वरही नेऊ शकतो, मग बीएमएस चार्जिंग तोडतो आणि रात्री अर्धी भरलेली बॅटरी घेऊन गाडीवर जावं लागतं.