वसाहतीतला रस्ता ‘खासगी’ असेल तर त्याची दुरुस्ती कोणी करायची?

आपण विचारले आहे की, मुंबईतील आपल्या वसाहतीच्या सहा इमारतींना जोडणारा रस्ता खासगी असल्याचे सांगून महापालिका तो दुरुस्त करण्यास नकार देते. मग मालमत्ता कराच्या देयकात पथ कर का आकारला जातो? मी उपनगरातील अशाच एका वसाहतीत बरीच वर्षे सोसायटीचा सचिव होतो आणि अशाच रस्त्याच्या प्रश्नात माझी कित्येक वर्षे गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

कराचा मुद्दा प्रथम बाजूला ठेवावा. कर आणि शुल्क यांत फरक आहे. कर भरल्यामुळे आपल्याच दारातल्या रस्त्यावर डांबर पडण्याचा हक्क निर्माण होत नाही. आम्हीही पहिल्या पत्रापासून ‘कर भरतो, म्हणून रस्ता दुरुस्त करा’ हाच युक्तिवाद केला आणि दोन पावसाळे त्यात घालवले.

खरा प्रश्न रस्त्याखालची जमीन कोणाच्या नावावर आहे हा आहे. नगर भूमापन कार्यालयातून त्या तुकड्याची मिळकत पत्रिका (जमीन कोणाच्या नावावर आहे हे दाखवणारा सरकारी उतारा) काढा, महापालिकेने मंजूर केलेला वसाहतीचा नकाशा मिळवा आणि हा रस्ता विकास आराखड्यातला, म्हणजे शहराच्या अधिकृत नियोजन नकाशातला, आहे का, याचे महापालिकेकडून लेखी अभिप्राय घ्या. आराखड्यातला रस्ता असेल आणि विकासकाने त्या जागेच्या मोबदल्यात चटईक्षेत्र (जादा बांधकामाची मुभा) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेतले असतील, तर ती जागा महापालिकेच्या ताब्यात जायला हवी आणि पत्रिकेवर तशी नोंद झाली आहे का, हे पाहिलेच पाहिजे. आमच्या पत्रिकेवर मात्र विकासकाच्या भागीदारी संस्थेचेच नाव होते. फाटकाबाहेर महापालिकेचे डांबर जिथे सरळ रेषेत संपत होते, तिथूनच आमचे खड्डे सुरू होत आणि दर जूनमध्ये त्यांत विटांचे तुकडे टाकले जात. ती रेषा म्हणजेच मालकीची हद्द आहे, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

बहुतेक वसाहतींचे घोडे इथेच अडते. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याप्रमाणे विकासकाने जमिनीचे अभिहस्तांतरण करून द्यायचे, म्हणजे तिची मालकी दस्ताने सोसायटीच्या नावे करायची असते; ते तो करत नसेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (विकासकाच्या सहकार्याशिवाय होणाऱ्या अभिहस्तांतरणासाठी) अर्ज करता येतो. हा अर्ज करताना अनेक सोसायट्या केवळ आपल्या इमारतीखालची जागा मागतात आणि सामाईक रस्ता व मोकळी जागा विसरतात. त्या दोन्हींतला अविभक्त (वाटणी न झालेला) हिस्सा अर्जात स्पष्ट लिहून मागा. नाहीतर इमारती तुमच्या आणि रस्ता मात्र विकासकाचा, अशी स्थिती होते.

आता महापालिकेविषयी. रस्ता खासगी आहे म्हणून महापालिकेला काहीच करता येत नाही, हे खरे नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३०५ नुसार खासगी रस्ता समतल करणे, फरसबंदी करणे, त्याचा निचरा करणे यासाठी आयुक्त लगतच्या मालकांना नोटीस देऊ शकतात. मालकांनी काम केले नाही तर महापालिका ते करून खर्च वसूल करू शकते. कलम ३०६ तुमच्या अधिक उपयोगाचे आहे. रस्ता, गटारे आणि दिवे आयुक्तांच्या समाधानाप्रमाणे तयार असतील, तर मालकांच्या विनंतीवरून तो सार्वजनिक रस्ता म्हणून घोषित होऊ शकतो. घोषणेची सूचना रस्त्यावर लावली जाते आणि एका महिन्याच्या आत त्या रस्त्याच्या किंवा त्याच्या मोठ्या भागाच्या मालकाने लेखी हरकत घेतली तर ती घोषणा फळास येत नाही. म्हणजे आधी स्वतःच्या खर्चाने रस्ता नीट करायचा, मगच तो हस्तांतरित होण्याची शक्यता. खड्ड्यांसकट रस्ता महापालिकेच्या गळ्यात टाकता येत नाही, आणि मला ही अट न्याय्य वाटते.

तरीही अर्ज करण्यापूर्वी सर्व सोसायट्यांची बैठक घेऊन एक गोष्ट विचारात घ्या. रस्ता सार्वजनिक झाला की फाटक, पहारेकरी आणि रंगाने आखलेल्या पार्किंगच्या जागा यांवरचा हक्क संपतो. आमच्याकडे ज्येष्ठ सभासदांना रात्री फाटक बंद असणे महत्त्वाचे वाटले, तर मागच्या दोन इमारतींना रुग्णवाहिका सरळ दारापर्यंत येणे. मते शेवटपर्यंत विभागलेली राहिली आणि रस्ता खासगीच ठेवण्याचे ठरले. त्यानंतर सदनिकांच्या संख्येनुसार वर्गणीचा करार करून सर्व सोसायट्यांनी एक स्वतंत्र बँक खाते उघडले. पहिल्या वर्षीच्या वर्गणीतून पेव्हर ब्लॉक बसवण्याआधी गटाराचा उतार दुरुस्त करून घेतला, कारण पाणी साचत राहिले असते तर कोणताही रस्ता टिकला नसता.

आपल्या प्रकरणात मिळकत पत्रिकेवर कोणाचे नाव आहे, ते कळवल्यास पुढचे नेमके सांगू शकेन.